पेशीपटलातून पाणी आणि द्राव्ये कशी ये-जा करतात : बटाटा, कांदा आणि वजनकाटा घेऊन पडताळण्याची रीत

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घातले की पाने मांडून होईपर्यंत वाडग्याच्या तळाशी पाणी साचते, म्हणून मीठ अगदी वाढायच्या वेळी घालण्याचा घरोघरी रिवाज आहे. उलट, मान टाकलेली मेथीची जुडी पाण्यात उभी करून ठेवली की थोड्या वेळाने तिची पाने पुन्हा ताठ होतात. पहिल्या ठिकाणी पाणी पेशींतून बाहेर आले आणि दुसऱ्या ठिकाणी आत गेले. दिशा वेगळ्या असल्या तरी नियम एकच आहे, आणि त्याला परासरण म्हणतात हे आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकापासून सर्वांना ठाऊक असते. तरीही ‘अमुक द्रावणात अमुक पेशी ठेवली तर काय होईल’ असा साधा प्रश्न आला की व्याख्या तोंडपाठ असणारी मुलेही अडखळतात. शिकवताना मला याचे एकच कारण पुन्हा पुन्हा जाणवले आहे : त्यांनी परासरण पाहिलेले असते, मोजलेले नसते. भिजवलेला बेदाणा फुगला, एवढ्याने पाणी आत गेले हे कळते. पण किती गेले, कुठे थांबले आणि कशामुळे थांबले, हे कळायला काटा लागतो.

पुढे दिलेले प्रयोग घरच्या ओट्यावर किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करण्याजोगे आहेत. ते करताना दोनच प्रश्न सतत विचारायचे आहेत. पटलाच्या दोन्ही बाजूंना विरघळलेल्या कणांची संख्या किती आहे? आणि त्यांपैकी कोणते कण ते पटल ओलांडू शकतात? पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतात. दुसरा विसरतात आणि तिथेच फसतात.

सुरुवातीपुरती एवढीच उजळणी

प्रत्येक जिवंत पेशीभोवती प्रद्रव्यपटल असते. हे पटल मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ असून ते मेदाच्या रेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते, आणि त्या थरात ठिकठिकाणी प्रथिनांचे रेणू रुतलेले असतात. पाण्याचे रेणू या पटलातून दोन्ही दिशांनी अखंड ये-जा करीत असतात. एका बाजूच्या पाण्यात साखर किंवा मीठ विरघळलेले असले, की त्या बाजूने निसटून पलीकडे जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण कमी पडते, समोरून येणारे पाणी मात्र पूर्वीइतकेच येत राहते, आणि जमाखर्चात पाणी द्राव्य जास्त असलेल्या बाजूला साठत जाते. ‘मीठ पाणी ओढते’ असे आपण सहज बोलून जातो. स्वयंपाकघरात ते चालते. उत्तरपत्रिकेत मात्र हा जमाखर्चच लिहावा.

बाहेरचे द्रावण पेशीच्या तुलनेने विरळ असेल तर ते अवपरासारी, जास्त संहत असेल तर अतिपरासारी आणि बरोबरीचे असेल तर समपरासारी म्हणतात. ही विशेषणे नेहमी तुलनेनेच वापरायची असतात. कोणत्या पेशीच्या संदर्भात हे न सांगता एखाद्या द्रावणाला नुसतेच अतिपरासारी म्हणण्याला अर्थ नाही. वनस्पतिपेशीच्या पटलाबाहेर पेशीभित्तिकाही असते. ती पाणी आणि साखर दोन्हींना जाऊ देते, परंतु ताणली जाताना विरोध करते, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

द्रावण तयार करताना होणारी चूक

बटाट्याच्या प्रयोगासाठी वाण्याकडची साधी पांढरी साखर पुरते, कारण ती जवळपास शुद्ध सुक्रोज असते. मोल हे डझनासारखे कण मोजण्याचे एकक आहे; सुक्रोजचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम, आणि लीटरमागे एक मोल असलेले द्रावण ते एक मोलर. एक मोलर द्रावण १ लीटर करायचे तर ३४२ ग्रॅम साखर लागेल; आपल्याला पाव लीटर पुरेसे आहे, म्हणून ८५.५ ग्रॅम साखर तोलून घ्यावी. आता इथे थांबून नीट वाचावे. या साखरेत २५० मिलिलीटर पाणी ओतायचे नाही. साखर साधारण पाऊण पेला पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यायची, ते द्रावण मोजपात्रात ओतायचे, पेला थोड्या पाण्याने खंगाळून तेही त्यातच घालायचे आणि मग एकूण पातळी २५० मिलिलीटरच्या खुणेपर्यंत आणायची. साखर विरघळली तरी तिची जागा ती व्यापतेच, ८५.५ ग्रॅम साखरेत सरळ २५० मिलिलीटर पाणी ओतले तर द्रावण ३०० मिलिलीटरच्या आसपास भरते आणि त्याची संहती एक मोलरऐवजी सव्वाआठ दशांशाच्या जवळपास उतरते. पुढचे सगळे आकडे मग वाकडे येतात आणि दोष बिचाऱ्या बटाट्याला दिला जातो.

हे मूळ द्रावण वापरून सहा पेले तयार करावेत. पहिल्यात १०० मिलिलीटर नुसते पाणी घ्यावे. उरलेल्या पाचांत अनुक्रमे १०, २०, ३०, ४० आणि ६० मिलिलीटर मूळ द्रावण घेऊन प्रत्येकात एकूण १०० मिलिलीटर होईल एवढे पाणी घालावे, म्हणजे ०, ०.१, ०.२, ०.३, ०.४ आणि ०.६ मोलर अशी चढती रांग मिळते. पेल्यांवर चिठ्ठ्या आधीच चिकटवाव्यात, कारण सहाही पेले दिसायला हुबेहूब सारखे असतात आणि चव घेऊन ओळखण्याची वेळ येऊ नये. घरच्या जलशुद्धीकरण यंत्राचे पाणी चालेल. त्यात थोडे क्षार असतात, पण ते या मोजमापात जाणवत नाहीत.

बटाट्याचे तुकडे

सर्व तुकडे एकाच मोठ्या, घट्ट बटाट्याचे असावेत, कारण दोन बटाट्यांच्या पेशींतील साखरेचे प्रमाण वेगळे असू शकते. शीतगृहात किंवा फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेल्या बटाट्यात स्टार्चचे साखरेत रूपांतर होऊन तो गोडसर झालेला असतो, हे तळणीत लगेच काळपट होणाऱ्या कापांवरून अनेकांच्या लक्षात आलेले असेल. बटाट्याची साल पूर्ण काढावी. सालीचा बाहेरचा थर बुचासारखा असल्याने पाण्याला अडवतो, आणि एखाद्या तुकड्याला सालीची कड राहिली तर तोच तुकडा इतरांपेक्षा वेगळे वागतो. नंतर फिंगर चिप्ससाठी कापतो त्याप्रमाणे साधारण १ सेंटीमीटर रुंद, १ सेंटीमीटर जाड आणि ४ सेंटीमीटर लांब असे अठरा तुकडे कापावेत. लांबीरुंदी तंतोतंत सारखी नसली तरी बिघडत नाही, कारण आपण वजनातला टक्केवारीचा फरक काढणार आहोत.

तुकडे कापून झाले की ते स्वच्छ सुती फडक्यावर एकदा टिपून घ्यावेत आणि तीन-तीनचे गट करून प्रत्येक गटाचे वजन करावे. एका गटाचे वजन साधारण १३ ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातील १ ग्रॅमच्या काट्यावर हा प्रयोग होणार नाही, निदान ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा, आणि सोने-चांदी तोलण्यासाठी मिळतो तसा खिशात मावणारा ०.०१ ग्रॅमचा काटा मिळाला तर उत्तम. वजन टिपून घेतले की गट आपापल्या पेल्यात सोडावा, पेल्यावर ताटली झाकावी आणि दोन तास हात लावू नये. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात साखरेच्या पाण्यात रात्रभर राहिलेला बटाटा सकाळी वास मारू लागतो आणि त्याच्या पेशीही मरू लागलेल्या असतात.

दोन तासांनी तुकडे बाहेर काढताना वजन करण्याआधी हाताने एकदा तपासावेत. नुसत्या पाण्यातला तुकडा दोन बोटांनी वाकवू गेले तर कट्कन मोडतो, ०.६ मोलरमधला तुकडा रबरासारखा वाकतो आणि सोडला तरी सरळ होत नाही. मग टिपण्याची पायरी येते, आणि या प्रयोगात खरे कौशल्य लागते ते इथे. प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी एकेकदा फडक्यावर टेकवायचा, दाबायचा नाही, आणि सर्व गटांना हीच वागणूक द्यायची. तीन तुकड्यांवर मिळून ०.२ ग्रॅम पाणी चिकटून राहिले तरी १३ ग्रॅममागे दीड टक्क्याची चूक होते. पहिल्या गटाला हळुवार टिपणारा विद्यार्थी शेवटच्या गटापर्यंत कंटाळून तुकडे पिळू लागतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून टिपण्याचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच व्यक्तीने करावे.

शून्याची जागा

नंतरच्या वजनातून आधीचे वजन वजा करून, आलेल्या फरकाला आधीच्या वजनाने भागून शंभराने गुणावे. समजा, एका गटाचे वजन १३.० ग्रॅमवरून १४.३ ग्रॅम झाले, तर बदल अधिक १० टक्के, दुसऱ्याचे १३.० वरून ११.७ झाले, तर उणे १० टक्के. आडव्या अक्षावर संहती आणि उभ्या अक्षावर हा बदल मांडून बिंदूंमधून एक सलग रेषा काढावी. ती रेषा शून्याला जिथे छेदते, त्या संहतीला बटाट्याचे वजन वाढलेही नसते आणि घटलेही नसते. बहुतेक बटाट्यांत ही जागा ०.२५ ते ०.३५ मोलरच्या दरम्यान सापडते.

या छेदबिंदूपाशी पाणी थांबलेले नाही, जेवढे आत येते तेवढेच बाहेर जाते. आणखी एक सोय अशी की, तुकडे दोन तासांऐवजी तीन तास ठेवले तर टोकाचे बदल वाढतात, पण छेदबिंदू फारसा सरकत नाही, आणि म्हणूनच वेळेच्या लहानसहान चुकांनी हा प्रयोग बिघडत नाही.

०.३ मोलर ही संहती ऐकायला किरकोळ वाटते. २७ अंश सेल्सिअसला तिचा परासरणी दाब काढला तर तो सुमारे ७.५ बार येतो, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये भरतात त्या हवेच्या दाबाच्या तिप्पट. शुद्ध पाण्यात पडलेल्या बटाट्याच्या पेशीवर आतून एवढ्या प्रमाणाचा दाब येऊ शकतो आणि तरीही ती फुटत नाही, ती पेशीभित्तिकेच्या जोरावर. भित्तिका ताणली जाते, आतल्या पाण्याला मागे रेटते आणि एका टप्प्यावर आणखी पाणी आत येणे थांबते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींना अशी भित्तिका नसते. त्या शुद्ध पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. शिरेतून कधीही नुसते पाणी न देता सलाईन देतात, त्यामागे हे कारण आहे.

इथे अभ्यासू वाचकासाठी एक बारीक भेद सांगणे आवश्यक आहे. काट्यावर सापडलेली संहती म्हणजे पेशीरसाची, अर्थात पेशीतल्या द्रावणाची, संहती, असे सरसकट लिहिले जाते. ते पूर्ण बरोबर नाही. प्रयोगापूर्वीही बटाट्याची पेशी थोडीबहुत ताठ होतीच, म्हणजे भित्तिकेचा दाब आतल्या पाण्याला बाहेर रेटत होता. काट्यावरचे शून्य हे पेशीरसाची संहती आणि भित्तिकेचा दाब या दोन्हींचा हिशेब एकत्र सांगते, म्हणून ते पेशीरसाच्या खऱ्या संहतीपेक्षा थोडे कमी येते. दोन्ही वेगळे काढायचे तर सूक्ष्मदर्शकाकडे वळावे लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली रससंकोच

लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची, जांभळी बाजू वर धरून तिचा पातळ पापुद्रा सोलावा. आतल्या बाजूचा पापुद्रा सहज निघतो, पण तो रंगहीन असल्याने पटल कुठे आहे हे दिसत नाही. कुंडीत लावतात त्या र्‍हिओच्या पानाची खालची जांभळी बाजू याहून सोयीची. पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून आच्छादक काच ठेवावी आणि आधी नुसते पहावे : प्रत्येक पेशी कडेपर्यंत रंगाने भरलेली दिसते, कारण रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो आणि रिक्तिकेने जवळपास सगळी पेशी व्यापलेली असते.

आता आच्छादक काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडावा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून ते द्रावण काचेखालून ओढून घ्यावे. काही मिनिटांतच रंग प्रथम पेशीच्या कोपऱ्यांतून सुटतो, मग कडांपासून मागे हटतो, आणि शेवटी चौकटीत एखादा जांभळा थेंब तरंगावा तसा मध्यावर गोळा होतो. चौकट म्हणजे भित्तिका. ती जागची हलत नाही. हाच रससंकोच. याच रीतीने पुन्हा साधे पाणी ओढून घेतले तर थेंब पसरतो आणि पेशी कडेपर्यंत भरते. फार तीव्र मीठ वापरले किंवा फार वेळ ठेवले तर मात्र पटल फाटते, रंग सर्वत्र पाझरतो आणि ती पेशी पुन्हा भरत नाही.

भित्तिका आणि आक्रसलेले पटल यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असते, हा परीक्षेतला आवडता प्रश्न आहे आणि पुष्कळ जण हवा किंवा पोकळी असे उत्तर लिहितात. तिथे बाहेरचे मिठाचे द्रावणच असते, कारण भित्तिका त्याला अडवत नाही.

मिठाऐवजी साखरेच्या त्याच चढत्या रांगेतील द्रावणे वापरून प्रत्येक वेळी पन्नास पेशी मोजाव्यात. गरज पडली तर रांग ०.८ मोलरपर्यंत वाढवावी. ज्या संहतीला निम्म्या पेशींत रससंकोच नुकताच सुरू झालेला दिसतो, तिथे पटल भित्तिकेला टेकलेले असूनही तिच्यावर दाब देत नाही, आणि ती संहती पेशीरसाच्या संहतीच्या सर्वांत जवळची धरतात. कांद्याच्याच पाकळीचे तुकडे काट्यावर तोलून शून्य काढले, तर या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे मूळ पेशीतील भित्तिकेचा दाब. बटाट्याचे शून्य आणि कांद्याचा रससंकोच यांची तुलना करू नये.

वजन नव्हे, संख्या

परासरणात कणांचे वजन मोजले जात नाही, त्यांची संख्या मोजली जाते. बटाट्यात पुष्कळ स्टार्च असूनही त्याचा परासरणावरचा परिणाम जवळपास शून्य आहे, कारण हजारो ग्लुकोजचे रेणू एकमेकांत गुंफून तो एकेका अविद्राव्य कणात बांधलेला आहे. तेवढेच ग्लुकोज सुटे ठेवले असते तर पेशीला ते पेलवले नसते.

मीठ आणि साखर यांची तुलना याच हिशेबाने करावी. मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा आणि पाण्यात विरघळल्यावर त्याचे सोडियम व क्लोराईड असे दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा आणि तिचा रेणू अखंड राहतो. हिशेब केला तर १ ग्रॅम मीठ सुमारे पावणेबारा ग्रॅम साखरेइतके कण पाण्यात सोडते. कैरीचे लोणचे मुठी-दोन मुठी मिठावर वर्षभर टिकते आणि मोरावळ्याला मात्र आवळ्यांच्या वजनाच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त साखरेचा पाक लागतो, तो याचमुळे. दोन्हींत बुरशीच्या आणि जिवाणूंच्या पेशींतले पाणी बाहेर जाऊन त्यांची वाढ थांबते, परंतु तेवढे कण जमवायला साखर पुष्कळ जास्त लागते. विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जमीन ओली दिसत असूनही पिके कोमेजतात, तेव्हा मुळांच्या पेशी याच जमाखर्चात तोट्यात गेलेल्या असतात.

रुग्णालयातील दोन बाटल्याही पहाव्यात. सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के असते, ग्लुकोजच्या बाटलीत ग्लुकोज ५ टक्के. वजनात साडेपाचपट फरक, पण कणांची संख्या दोन्हींत जवळपास सारखी आणि रक्तद्रवाच्या बरोबरीची. तरीही शरीरात गेल्यावर त्या सारख्या वागत नाहीत. सोडियम पेशींच्या बाहेरच राहतो. ग्लुकोज मात्र पेशी आत घेऊन वापरून टाकतात आणि मागे उरते ते नुसते पाणी. इथून आपला दुसरा प्रश्न सुरू होतो.

कोणते कण ओलांडतात?

औषधाच्या दुकानातील ग्लिसरीन घेऊन ९२ ग्रॅमला एक मोल या हिशेबाने एक मोलर द्रावण करावे आणि र्‍हिओच्या पापुद्र्यावर सोडावे. साखरेप्रमाणेच यातही रससंकोच होतो. परंतु काच सुकू न देता, कडेने त्याच द्रावणाचे थेंब पुरवत पापुद्रा पहात राहिले, तर आक्रसलेला जांभळा थेंब द्रावण न बदलताही हळूहळू पुन्हा पसरू लागतो. कधी यास तासन्‌तास लागतात, आणि वनस्पतीनुसार वेगही बदलतो. घाई असेल त्याने हा प्रयोग हाती घेऊ नये. ग्लिसरीनचे लहान रेणू पटलातून हळूहळू आत झिरपतात, दोन्ही बाजूंची संख्या जुळत जाते आणि पाणी परत फिरते. साखरेत असे होत नाही. युरियाची तऱ्हाही ग्लिसरीनसारखीच : तांबड्या रक्तपेशींच्या आत जेवढे कण असतात तेवढेच कण असलेल्या युरियाच्या द्रावणात त्या पेशी ठेवल्या, तरी युरिया आत शिरतो, त्याच्यामागे पाणी शिरते आणि पेशी फुटतात. कणांची संख्या सारखी असूनही द्रावण समपरासारी ठरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हरटन यांनी अशाच पुष्कळ पदार्थांची परीक्षा घेतली आणि जे पदार्थ तेलात चांगले विरघळतात ते पेशीत लवकर शिरतात, हे पाहून पटल मेदसदृश असावे असा निष्कर्ष काढला.

बिटाचा प्रयोग याला जोडून करावा. बिटाचे काप पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंशांच्या पाण्यात पाच-पाच मिनिटे ठेवले, तर ५० ते ६० अंशांच्या दरम्यान पाणी एकाएकी गडद लाल होऊ लागते, कारण उष्णतेने पटले मोडतात आणि एरवी रिक्तिकेबाहेर पाऊल न टाकणारा रंग मोकळा सुटतो. हे परासरण नव्हे. पटल जिवंत असताना किती काटेकोर असते, हे त्याच्या मोडण्यातून दिसते, एवढाच याचा उपयोग.

व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेले अंडे पाकात आक्रसवून दाखवण्याचा प्रयोग विज्ञान प्रदर्शनांत हमखास असतो. दिसतो छान, पण ते आवरण प्रथिनांच्या तंतूंचे असते, प्रद्रव्यपटल नव्हे. नमुना म्हणून दाखवावे. ‘ही एक मोठी पेशी’ असे सांगू नये.

पटलातील दारे आणि पंप

मेदाच्या थरातून पाणी थोडेफार झिरपते. पण मूत्रपिंडात किंवा झाडाच्या मुळांत ते ज्या वेगाने जाते, त्याचा उलगडा एवढ्याने होत नाही. १९९२ साली पीटर ॲग्रे यांच्या गटाने तांबड्या रक्तपेशीतील एक प्रथिन बनवण्याची जनुकीय आज्ञावली बेडकाच्या अंड्यात घातली. बेडकाची अंडी तळ्याच्या पाण्यात सुखाने राहतात, ही अंडी मात्र विरळ द्रावणात ठेवताच काही मिनिटांत फुगून फुटली. या प्रथिनाला ॲक्वापोरिन म्हणतात. त्याच्या एकेका छिद्रातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू एका रांगेत जातात आणि आयन मात्र अडवले जातात. या शोधासाठी ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पाणी मुद्दाम वाहून नेणारा पंप कोणत्याही पेशीत सापडलेला नाही. पेशी कण हलवते आणि पाणी त्यांच्यामागे जाते.

कण हलवणारा पंप येन्स स्काऊ यांनी १९५७ साली दाखवून दिला. तो ऊर्जा खर्चून सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो, म्हणजे दोन्ही आयनांना त्यांच्या नैसर्गिक उतारावरून उलटे चढवतो. हे सक्रिय वहन बटाटा-कांद्याच्या प्रयोगात दिसणार नाही, पण त्याचा परिणाम प्रत्येक घरात कधी ना कधी पेल्यातून प्यालेला असतो. आतड्याच्या पेशीत सोडियम नेहमी कमी ठेवला गेल्यामुळे तो बाहेरून आत यायला उत्सुक असतो, आणि तिथल्या एका वाहक प्रथिनाचे दार ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्र आले तरच नीट उघडते. दोन्ही आत गेले की पाणी मागोमाग जाते. कॉलऱ्यासारख्या जुलाबात इतर वाटांचे काम बिघडले तरी हे दार चालू राहते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी पाण्यात विरघळवलेल्या मीठ आणि ग्लुकोज यांच्या याच जोडीवर हजारो रुग्णांचे प्राण वाचवले.

जुलाबात प्यायचे हे मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे जीवनजल, घरी करायचे तर प्रमाण असे : १ लीटर उकळून थंड केलेले पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर इथे ताकदीसाठी नसून सोडियमच्या दाराची किल्ली म्हणून आहे, म्हणून ‘थोडी जास्त घालू, बाळाला शक्ती येईल’ असे करू नये. जास्त साखर आतड्यात शोषली न जाता उरली, की काकडीतून मिठाने काढावे तसे ती शरीरातलेच पाणी आतड्यात काढते आणि जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड शीतपेये आणि डबाबंद फळांचे रस याच कारणाने टाळावेत. मिळत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राचे पाकीट आणावे. त्यातील कणांची एकूण संख्या पूर्वीच्या ३११ वरून लीटरला २४५ मिलिऑस्मोलवर आणलेली आहे आणि सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल, म्हणजे बरोबरीचे ठेवलेले आहेत. पाकीट पूर्ण एकाच वेळी, त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवावे, अर्धे उद्यासाठी ठेवू नये, आणि तयार द्रावण २४ तासांनंतर उरले तर ओतून द्यावे.